सफरचंदाची जात ठरवण्याआधी महिना ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला नवं घर घेतलंय, मागे नऊ मीटर रुंदीची बाग आहे आणि तिथे सफरचंदाची दोन-तीन झाडं लावायची आहेत. मुलीला दुकानातलं पिंक लेडी सफरचंद आवडतं, सासूबाई वर्षातून काही महिने येऊन राहतात आणि त्यांना आंबट चालतं. ऑफिसातले एक गृहस्थ म्हणतात कॉक्स या जातीच्या तोडीचं फळ नाही, शेजारी म्हणतो कॉक्सच्या वाटेला जाऊ नका. शिवाय मुलीने पेरलेल्या बीचं रोप खिडकीत वीतभर वाढलंय, ते बाहेर लावायचं का, हाही प्रश्न आहेच. आणि शेवटी तुम्ही विचारता, ‘सगळ्यात चवदार अशी एकच जात सांगा.’

एक जात मी सांगणार नाही. सांगितली तर तुमची फसगत होईल. मीही बकिंगहॅमशायरातच राहते, तुमच्यासारख्याच चिकणमातीत बरीच वर्षं सफरचंदं लावते, कलमं बांधते आणि ओळखीच्यांच्या बागांत छाटणीला जाते. लोक जातीचं नाव विचारून झाड आणतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षी हिरमुसतात, हे मी वारंवार पाहिलंय. झाड चांगलं वाढलेलं असतं, फळंही लागलेली असतात, पण सगळी एकदम तयार होतात. आठवडाभर कौतुक, मग शेजाऱ्यांना पिशव्या, मग गवतात सडलेली फळं आणि गांधीलमाश्या. ऑक्टोबरपासून पुन्हा दुकान आहेच. म्हणून तुम्ही आधी एवढंच ठरवा, की घरची सफरचंदं कोणत्या महिन्यांत खायची आहेत. त्यावरून जाती आपोआप ठरतात.

महिन्यावर माझा एवढा जोर का, ते सांगते. सफरचंद झाडावर वाढताना पिष्ट साठवतं. पिकताना त्या पिष्टाची साखर होते, आंबटपणा हळूहळू कमी होतो आणि वास शेवटी तयार होतो. लवकर येणाऱ्या जातींत हे सगळं झाडावरच आणि झपाट्याने उरकतं. ऑगस्टमधली डिस्कव्हरी ही जात झाडाखाली उभं राहून खाल्ली तर अप्रतिम लागते. चांगल्या उन्हाळ्यात तिला स्ट्रॉबेरीचा वास येतो आणि सालीखालचा गर गुलाबी निघतो. तीच टोपलीत दहा दिवस ठेवली तर पिठूळ होते. उशिराच्या जातींचं याच्या उलट असतं. त्या ऑक्टोबरात तोडल्या तेव्हा खाल्ल्या तर आंबट, टणक, जराशा तुरटही लागतात. त्यांना तोडून ठेवावं लागतं. हापूस कोणी झाडावरून उतरवून लगेच कापत नाही, अढी घालून थांबतो, तसंच हे. फरक इतकाच की अढीला उबारा लागतो आणि सफरचंदाला गारवा, आणि थांबायचं ते दिवसांच्या नव्हे तर महिन्यांच्या हिशेबात. ॲशमीड्स कर्नल नावाची जात आहे, ग्लॉस्टरची, साधारण १७०० सालापासूनची. दिसायला मातकट आणि खरबरीत. दुकानात कोणी तिच्याकडे वळून बघणार नाही. ऑक्टोबरमध्ये खाल तर म्हणाल, ही बाई काय सांगत होती! नाताळानंतर खाऊन बघा. गोड आणि आंबट दोन्ही चढ्या सुरात, आणि वर पिअर ड्रॉप नावाच्या इथल्या गोळ्यांना येतो तसा वास.

दुकानातल्या फळांमुळे आपल्याला याचा विसर पडतो, कारण तिथे बाराही महिने एकच चव मिळते. त्यामागे तंत्र आहे आणि ते इथलंच आहे. केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या दोघांनी १९२०च्या दशकात दाखवून दिलं, की गार कोठारातला प्राणवायू कमी केला आणि कार्बन डायऑक्साइड वाढवला की सफरचंदाचा श्वास मंदावतो आणि पिकणं जवळजवळ थांबतं. मार्चमध्ये मिळणारं करकरीत इंग्लिश सफरचंद अशाच कोठारातून आलेलं असतं. करकरीतपणा त्यात टिकतो, वास मात्र बराचसा मागे राहतो. घरच्या झाडाची खरी कमाई वासात आहे. रसाळ, गोड, करकरीत एवढंच हवं असेल तर दुकान पुरेसं आहे, उगाच कुदळ उचलू नका.

आता पिंक लेडी. हे व्यापारी नाव आहे. जात क्रिप्स पिंक, पश्चिम ऑस्ट्रेलियात तयार झालेली. फुलापासून तोडणीपर्यंत तिला साधारण २०० दिवस लागतात. आपल्याकडे सफरचंद फुलतं एप्रिलच्या शेवटी आणि मेमध्ये. हिशेब केलात तर नोव्हेंबर उजाडून संपायला येतो, आणि इथल्या नोव्हेंबरात कसलं ऊन! ग्रॅनी स्मिथचंही जवळपास तेच. मुलीचा हिरमोड होऊ नये म्हणून तिला किड्स ऑरेंज रेड लावून द्या. न्यूझीलंडच्या जेम्स हटन किड यांनी कॉक्स आणि डेलिशस यांच्या संकरातून ती काढली. (केंब्रिजचे किड वेगळे, हे वेगळे.) दुकानात जी गाला मिळते ती हिचीच लेक, दुसरा पालक गोल्डन डेलिशस. कॉक्सचा वास आणि डेलिशसचा गोडवा हिच्यात एकत्र येतो. मुलांना ती आवडतेच, असा माझा अनुभव आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर तोडायची आणि नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत खायची.

कॉक्सबद्दल तुमचे सहकारी आणि शेजारी दोघंही बरोबर आहेत. रिचर्ड कॉक्स हे निवृत्त मद्य-उत्पादक. त्यांनी १८२५च्या सुमारास स्लाऊजवळच्या कोलनब्रुकला बी पेरली, आणि त्यातून हे झाड निघालं. हीथ्रोला जाताना आपण त्या गावाच्या अगदी जवळून जातो. चांगल्या वर्षी, चांगल्या जागी, नोव्हेंबरमध्ये खाल्लेली कॉक्स खरोखर त्या कीर्तीची असते. पण झाड नाजूक. पानांवर आणि फळांवर स्कॅबचे काळे डाग पडतात, फांद्यांना कँकर, म्हणजे साल फाटून सडण्याचा रोग, होतो, भुरीही येते. ओल्या, जड जमिनीत तर हे हमखास. व्यापारी बागायतदार औषधं फवारून ती जगवतात. तुम्ही मुलांच्या खेळायच्या जागेत फवारणी करणार नाही, असं मी धरून चालते. त्याऐवजी सनसेट लावा. कॉक्सच्याच बीपासून केंटमध्ये निघालेली, फळ जरा लहान, चव त्याच घराण्यातली, आणि झाड कितीतरी सोसणारं. जाणकार म्हणतील कॉक्स ती कॉक्स. म्हणू देत.

सासूबाईंच्या बाबतीत आधी एक विचारते, त्या कोणत्या महिन्यांत येतात? मे ते ऑक्टोबर येत असतील तर त्यांच्यासाठी जेम्स ग्रीव्ह. एडिंबराची जात. ऑगस्टअखेर आंबटगोड, सप्टेंबरमध्ये नरम होत गोड होते, रस इतका की हनुवटीवरून ओघळतो. फार टिकत नाही आणि बोट लागलं तरी डाग पडतो, म्हणूनच दुकानात दिसत नाही. पण खरा आंबटपणा हवा असेल तर ब्रॅम्लीला पर्याय नाही. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ मध्ये बी लावली, आणि पुढे ते घर विकत घेणाऱ्या ब्रॅम्ली नावाच्या खाटकाचं नाव त्या फळाला मिळालं. इंग्रज ते पायमध्ये घालतात. आपण कैरी म्हणून वापरायचं. किसून आंबेडाळ करा, फोडी करून मोहरीची फोडणी दिलेलं ताजं लोणचं करा, गूळ घालून मेथांबा करा. खाणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. लोणचं फ्रिजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवायचं, वर्षाच्या बरणीचा मोह धरायचा नाही. आणि किसल्याबरोबर लिंबू पिळायचं, नाहीतर डाळ तपकिरी होते. नीट ठेवलेली ब्रॅम्ली मार्चपर्यंत टिकते, म्हणजे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ घरच्या फळाची होऊ शकते. सासूबाई मार्चमध्ये येत असतील तर याहून चांगलं स्वागत मला सुचत नाही.

आणखी एक जात तुम्ही विचारलेली नाही, तरी मी आग्रहाने सांगणार आहे: एग्रेमाँट रसेट. ससेक्सची, व्हिक्टोरियन काळातली. साल सोनेरी-तपकिरी आणि कोरडी, गर घट्ट, चवीला सुकामेव्याच्या वळणाची. भारतातून नवीन आलेली माणसं तिच्याकडे संशयाने बघतात. आपल्या डोक्यात सफरचंद म्हणजे लाल, कारण आपल्याकडे हिमाचलातून पेटीत भरून येतं ते प्रामुख्याने डेलिशस घराण्याचं. कोटगढला स्थायिक झालेले अमेरिकन सॅम्युएल स्टोक्स यांनी ती जात तिकडे रुजवली आणि आपल्या तीन-चार पिढ्यांनी लाल म्हणजे गोड एवढंच गणित शिकून ठेवलं. रसेट साल सोलून, फोडी करून पाहुण्यांना द्या, मगच नाव सांगा.

यावरूनच चव घेण्याबद्दल. झाडं मागवण्याआधी एक शरद ऋतू निव्वळ चाखण्यात घालवा, असा माझा सल्ला आहे. केंटमध्ये फॅव्हरशॅमजवळ ब्रॉगडेलला राष्ट्रीय फळसंग्रह आहे, तिथे सफरचंदाच्या २००० हून अधिक जाती उभ्या आहेत. इतकं लांब जायचं नसेल तर २१ ऑक्टोबरच्या आसपास ठिकठिकाणी ॲपल डे होतो. १९९० साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये तो पहिल्यांदा झाला आणि आता गावोगावच्या बागांत, जुन्या वाड्यांत साजरा होतो. तिथे वीस-पंचवीस जाती मांडलेल्या असतात आणि चाखायला फोडी मिळतात. आवडलेल्या प्रत्येक जातीची चार फळं विकत घ्या. दोन तेव्हाच खा, दोन थंड जागी महिनाभर ठेवून मग खा. ही दुसरी चव कोणी बघत नाही आणि निवड तिथेच चुकते.

चाखताना फळ फ्रिजमधून थेट काढलेलं नसावं. गार फळाला वास येत नाही. घरी चाखत असाल तर साल काढा, म्हणजे रंगाची भुरळ पडणार नाही. सौम्य फळं आधी, ब्रॅम्लीसारखी झणझणीत आंबट अगदी शेवटी. मध्ये पाण्याचा घोट किंवा साध्या पोळीचा तुकडा. चहा पिऊन लगेच बसू नका. मी तीनच गोष्टी लिहून ठेवते: पहिल्या चाव्याला दात कसा जातो, गोड आधी येतं की आंबट, आणि गिळल्यावर तोंडात काय उरतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. डेलिशस गिळल्यावर काही उरत नाही, ॲशमीड्स कर्नल पाच मिनिटं उरते. मुलीलाही वही द्या. मुलांची जीभ आपल्यापेक्षा प्रामाणिक असते आणि ‘ओल्या पुठ्ठ्यासारखं’ असला शेरा ती बेधडक लिहितात.

आता जागा. नऊ मीटर रुंदीच्या बागेत तुम्ही गोल डेरेदार झाडाचं चित्र डोळ्यासमोर आणता आहात, तशी दोनच बसतील. मी सांगते तसं केलंत तर सात बसतील. कुंपणाच्या ज्या बाजूला दिवसातले निदान सहा तास ऊन येतं तिथे कॉर्डन लावा. कॉर्डन म्हणजे एकच दांडा, जमिनीशी ४५ अंशांत तिरका बांधलेला, फांद्या आखूड छाटून फळं दांड्यालाच धरलेली. दोन झाडांत ७५ सेंटीमीटर अंतर पुरतं, म्हणजे साधारण पाच मीटर कुंपणावर सहा जाती. एका कॉर्डनला दोन-तीन किलो फळं म्हटलं तर फार वाटत नाही. पण चौघांच्या घराला एका जातीची तेवढीच हवी असतात, मग पुढची जात तयार होते. तारा बांधायला स्वतंत्र जाड खांब रोवा. नव्या वसाहतीतली फळकुटांची कुंपणं वारा सोसतानाच करकरतात, त्यांवर झाडांचा भार टाकू नका.

हे सगळं शक्य होतं ते खुंटामुळे. विकत मिळणारं सफरचंदाचं जवळजवळ प्रत्येक झाड कलमी असतं, वर हवी ती जात आणि खाली मुळांचा खुंट. झाड किती वाढेल ते मुख्यतः खुंट ठरवतो. जगभर वापरले जाणारे हे खुंट केंटमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात शंभरेक वर्षांपूर्वीपासून निवडून, क्रमांक देऊन वेगळे केले गेले, म्हणून त्यांच्या नावात एम असतो. एम२७ अगदी बुटका, कुंडीपुरता. एम९ दोन ते तीन मीटर, पण मुळं दुबळी. चांगली माती आणि कायमचा आधार लागतो. एम२६ त्याच्या थोडा वर. एमएम१०६ तीन-चार मीटर आणि बऱ्यापैकी दणकट. लोकरी माव्याचा त्रासही त्याच्या मुळांना कमी. तुमच्या कॉर्डनसाठी मी एम२६ म्हणेन. बिल्डरने वरची चांगली माती उचलून नेली असेल आणि खाली विटांचे तुकडे लागत असतील तर एमएम१०६. ब्रॅम्ली मुळातच राक्षसी वाढणारी, ती कॉर्डनच्या शिस्तीत राहत नाही. तिला कोपऱ्यात एम९ वर झुडूप म्हणून वाढवा. रोप विकणारा खुंटाचं नाव सांगू शकत नसेल, पाटीवर नुसतंच ‘पॅटिओ ॲपल’ लिहिलेलं असेल, तर ते रोप घेऊ नका.

तर माझी निवड अशी: डिस्कव्हरी ऑगस्टसाठी, जेम्स ग्रीव्ह सप्टेंबर, सनसेट आणि एग्रेमाँट रसेट ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, किड्स ऑरेंज रेड नोव्हेंबर ते जानेवारी, ॲशमीड्स कर्नल डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि कोपऱ्यात ब्रॅम्ली. सातांचा खर्च किंवा व्याप जास्त वाटला तर सनसेट आणि जेम्स ग्रीव्ह गाळा. रसेट गाळू नका. तुम्ही वेल्सच्या किंवा लँकेशरच्या पावसाळी भागात असता तर ही यादी मी बरीच बदलली असती, हेही लक्षात ठेवा. मिल्टन कीन्स त्या मानाने कोरडं आहे.

परागीकरणाची काळजी या यादीत मिटते. सफरचंदाच्या बहुतेक जातींना फळ धरायला वेगळ्या जातीचा, त्याच सुमारास फुलणारा सोबती लागतो. रसेट थोडी आधी फुलते, ॲशमीड्स थोडी उशिरा, बाकी मधोमध, एकमेकांना पुरतात. ब्रॅम्लीचं पराग दुसऱ्यांच्या कामाचं नसतं, म्हणून फक्त ब्रॅम्ली आणि आणखी एकच झाड अशी जोडी लावली तर त्या दुसऱ्या झाडाची पंचाईत होते. तुम्हाला तो प्रश्न येणार नाही. वस्तीत क्रॅब ॲपलची, म्हणजे बारक्या रानसफरचंदाची, शोभेची झाडं असतात, त्यांचाही उपयोग होतो.

लागवड नोव्हेंबर ते मार्च, झाड झोपलेलं असताना. मुळं उघडी असलेली रोपं याच काळात मिळतात, कुंडीतल्या रोपांपेक्षा स्वस्त आणि जातींची निवड कितीतरी जास्त. ॲशमीड्ससारख्या जाती लवकर संपतात, त्यामुळे मागणी उन्हाळ्यातच नोंदवून ठेवा. चिकणमातीत एक परीक्षा आधी करा: गुडघाभर खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर त्या जागी खड्ड्यात झाड लावू नका, माती वीतभर चढवून उंचवट्यावर लावा. चिकणमातीत गुळगुळीत भिंतींचा खड्डा करून त्यात मऊ कंपोस्ट भरलं की हिवाळाभर त्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात. खणलेलीच माती परत घाला, कंपोस्ट वरून आच्छादन म्हणून पसरा, बुंध्याला टेकू देऊ नका. कलमाचा सांधा जमिनीच्या चार बोटं वर राहायलाच हवा. तो गाडला गेला तर वरच्या जातीलाच मुळं फुटतात आणि तुमचा बुटका खुंट निरर्थक होतो. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, आळ्यात गवत वाढू देऊ नका.

पहिल्या वर्षी लागलेली फळं सगळी खुडून टाका. मुलगी रडेल, एक ठेवा तिच्यासाठी. पुढे दरवर्षी जूनअखेर झाड आपणहून बरीच फळं गाळतं, त्याने घाबरू नका. त्यानंतर तुम्हीही विरळणी करा, एका गुच्छात एक, फार तर दोन. जीवावर येतं, पण ती टाळली तर फळं लिंबाएवढी राहतात आणि काही जाती पुढल्या वर्षी रुसून बसतात. कॉर्डनची मुख्य छाटणी हिवाळ्यात नव्हे तर ऑगस्टच्या उत्तरार्धात: दांड्यातून निघालेल्या नव्या फुटी बुडाचा पानांचा झुबका सोडून तीन पानांवर, जुन्या आखूड फांद्यांवरच्या फुटी एका पानावर. डिस्कव्हरीशी जरा हात राखून वागा, ती काही फळं फांदीच्या टोकाला धरते.

रोगकिडींचं थोडक्यात. पडलेली पानं गोळा करा, त्यांतच स्कॅब हिवाळा काढतो. झाडावर वाळून राहिलेली फळं काढून टाका. कँकरची फांदी खालच्या निरोगी लाकडापर्यंत कापा. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी मेच्या मध्यावर कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना अडकवणारा सापळा, टांगा. त्याने बंदोबस्त पूर्ण होत नाही, पण नुकसान कमी होतं. थोडी किडकी फळं निघणारच, तेवढा भाग कापून मुरंबा करा.

तोडणी मात्र सविस्तर सांगते, कारण चवीचा निकाल तिथे लागतो. लाल रंग बघून तोडू नका. लाल छटेच्या मागचा हिरवा रंग पिवळसर होऊ लागला का ते बघा. फळ तळहातात धरून वर उचला आणि किंचित पिरगळा. देठासकट सहज सुटलं तर तयार, ओढावं लागलं तर नाही. शंका असेल तर एक कापून बिया बघा, तपकिरी झालेल्या असाव्यात. मला आयोडिनची युक्ती आवडते: आडव्या कापलेल्या फळावर आयोडिन लावलं की जिथे पिष्ट शिल्लक आहे तिथे निळं-काळं होतं. ठेवणीच्या जाती थोडा काळा भाग उरलेला असताना तोडायच्या, लगेच खायच्या जाती जवळजवळ पांढऱ्या झाल्यावर. मुलीच्या शाळेतल्या विज्ञानालाही हे उपयोगी पडेल. एका झाडाची सगळी फळं एकाच दिवशी तोडू नका. उन्हाच्या बाजूची आधी तयार होतात.

ठेवायची फळं निर्दोष हवीत. देठ तुटलेलं, पक्ष्याने टोचलेलं, खाली पडलेलं एकही नको. गॅरेज किंवा शेड चालते: अंधार, तीन ते सात अंश, पण गोठणार नाही अशी. घरातली हीटिंगची उबदार खोली अजिबात नको. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन-दोन किलो ठेवली तर सुरकुतत नाहीत. जेम्स ग्रीव्ह आणि ॲशमीड्स एका जागी ठेवू नका. पिकणारी सफरचंदं इथिलीन सोडतात आणि त्याने शेजारची उशिराची फळंही घाईने पिकतात. कांदे-बटाटेही दूर, वास लागतो. आठवड्याला एकदा हात फिरवून बघायचं, नरम लागेल ते त्याच दिवशी स्वयंपाकघरात.

राहिलं मुलीचं रोप. सफरचंदाच्या बीतून तेच सफरचंद येत नाही; प्रत्येक बी दोन वेगळ्या जातींच्या मेळातून झालेली, म्हणून प्रत्येक रोप ही एक नवीच जात असते. बहुतेकांची फळं लहान, आंबट आणि सामान्य निघतात. त्यात भर म्हणजे स्वतःच्या मुळांवर ते झाड खूप मोठं होतं आणि फळाला सहा ते दहा वर्षं लावतं. नऊ मीटरच्या बागेत इतकी मोठी सोडत मी खेळणार नाही. पण फेकूही नका, कॉक्स आणि ब्रॅम्ली दोन्ही अशाच पेरलेल्या बियांतून आल्या. रोप मोठ्या कुंडीत वाढवा. पेन्सिलीएवढी काडी झाली की हिवाळ्यात काढून, ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि मार्चमध्ये एम९ खुंटावर तिचं कलम बांधा. बुटक्या खुंटावर फळ लवकर धरतं, जागाही कमी लागते, आणि नावही मुलीलाच ठेवता येईल. कलम तुम्हाला जमेल; नाहीच जमलं तर मार्चमध्ये काडी घेऊन माझ्याकडे या, तासाभराचं काम आहे.

जाताना अजून एका गोष्टीची चौकशी करते. कुंपणाची कोणती बाजू दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून आहे, आणि बागेचा सगळ्यात खोलगट भाग कुठे आहे, हे कळवा. मेच्या सुरुवातीला दव गोठतं ते खोलगट भागात, आणि त्या एका रात्रीत फुलोरा जातो. त्यावरून रांग कुठून सुरू करायची आणि कोणती जात कोणत्या टोकाला, ते सांगते.